चित्रासमोर उभं राहायला गाइड कशाला?



आज एका छोट्या प्रश्नावर बोलणार आहे. चित्रांच्या संग्रहालयात जाताना पैसे देऊन गाइड घ्यावा का?

किल्ला बघायला गेलो तर गाइड लागतो, हे आपल्याला पटतं. दरवाजा कुठला, दारूकोठार कुठलं, हे कुणीतरी सांगावं लागतं. जंगलात गेलो तरी वाटाड्या लागतो. चित्रांच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, चित्र भिंतीवर आहे, डोळे आपल्याला आहेत, खाली नावाची पाटी आहे. मग मधे तिसरा माणूस कशाला?

माझं उत्तर आहे, घ्यावा. पण चित्राचा अर्थ सांगायला घेऊ नये. आपल्याला चित्रासमोर थांबवून ठेवायला घ्यावा. मी असं का म्हणतो ते सांगतो.

आधी थोडी ओळख. मी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो. माझे वडील विदर्भातून भिलाईला आले ते कारखाना उभा राहत असतानाच. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाबरोबर करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली. या चार वर्षांत सगळ्या देशातून माणसं इथे आली, त्यांतलेच ते एक. माझं बालपण सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलं. नोकरीत देशभर फिरलो आणि निवृत्तीनंतर परत इथेच आलो. कलेचं शिक्षण माझ्याकडे नाही. बी.एस्सी. झालो आणि भरती झालो. त्यामुळे आज जे सांगेन ते प्रेक्षकाच्या बाजूनं सांगेन.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणांनी भोपाळला जायचं ठरवलं. दोन जोडपी, दोन काकू आणि एक निवृत्त फोरमन. सगळे भिलाईतले मराठी. फोरमन भाऊंनी सारी हयात फाउंड्रीत काढली. भोपाळच का? तर १ नोव्हेंबर २००० पर्यंत ती आमची राजधानी होती. बदलीचे, पेन्शनचे कागद घेऊन आम्ही तिथे खेपा घातल्या, पण तलावाकाठचं भारत भवन कुणीच नीट पाहिलं नव्हतं. दुर्गहून संध्याकाळी अमरकंटक एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी भोपाळ. घरचे डबे, पत्ते आणि दोन थर्मास चहा एवढी तयारी होती.

गाइड मात्र मी आधी ठरवली. फौजेत एक सवय लागते. अनोळखी मुलखात शिरायच्या आधी तिथला माणूस शोधायचा. एका ओळखीतून एका मुलीचा फोन नंबर मिळाला. ती आमच्या शेजारच्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयात चित्रकला शिकलेली निघाली. हे विश्वविद्यालय १९५६ चं. तिथल्या राजघराण्यानं आपला वाडा त्यासाठी दिला. भिलाईहून गाडीनं दोन तासांच्या आत पोचता येतं, तरी आमच्यातले किती जण तिथे गेले असतील, हा वेगळाच प्रश्न आहे.

फोनवर मी विचारलं, "दोन तासांत किती दालनं दाखवाल?"

ती म्हणाली, "सर, पाच वस्तू दाखवीन. सहावी दाखवली तर पहिली विसराल."

पैसे सात जणांत वाटले तर माणशी एका साध्या थाळीइतके पडत होते. मी लगेच हो म्हटलं.

पाचच वस्तू का, याला आधार आहे. अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन गिलमन नावाचे सचिव होते. त्यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर एक लेख लिहिला. माणूस वाकून, मान वळवून पाट्या वाचतो, त्यात त्याची किती ताकद जाते, हे त्यांनी फोटो काढून दाखवलं. त्याच गिलमननी त्याआधी काही वर्षं आपल्या संग्रहालयात पाहुण्यांबरोबर फिरणारे, बोलणारे लोक नेमले होते. म्हणजे गाइड आणि थकवा या दोन गोष्टींचा विचार एकाच माणसानं केला. आपल्याकडे तिकीट काढलं की सगळी दालनं वसूल करायची पद्धत आहे. तिसऱ्या दालनात पाय बोलायला लागतात, चौथ्यात आपण बाक शोधतो आणि पाचव्यात कँटीन.

आता भारत भवनाची इमारत. १३ फेब्रुवारी १९८२ ला इंदिरा गांधींनी तिचं उद्घाटन केलं. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. बडा तालाबच्या काठी, श्यामला हिल्सच्या उतारावर ती आहे. पण रस्त्यावरून इमारत अशी दिसतच नाही. आपण वरून आत शिरतो आणि पायऱ्या उतरत उतरत अंगणांमध्ये जातो. दालनं उतारातच बसवलेली आहेत, उजेड वरून येतो आणि समोर पाणी दिसतं. सरकारी इमारती सहसा छाती काढून उभ्या असतात. ही जमिनीत दबा धरून बसली आहे. फौजी माणसाला असली जागा लगेच आवडते.

गाइडनं आम्हाला पहिल्याच अंगणात बसवलं आणि म्हणाली, "अंकल, आंटी, पहले देखिए, फिर पूछिए. पाटी सगळ्यात शेवटी वाचायची."

मग तिनं आम्हाला एका मोठ्या अमूर्त चित्रासमोर नेलं. रंगाचे पट्टे, एक काळा आकार आणि कोपऱ्यात खरवडल्यासारखं काहीतरी. आमच्यातल्या एका काकांनी ठरलेलं वाक्य टाकलं, "हे तर माझी नातसुद्धा काढेल."

तिनं वाद घातला नाही. विचारलं, "नातीचं चित्र घरी कुठे लावलंय, अंकल?"

"फ्रिजवर."

"का लावलंय?"

काका म्हणाले, "तिनं काढलंय म्हणून." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि त्यात एक लाल रंग फार छान आलाय."

"मग या चित्रातला कुठला रंग छान आलाय ते मला दाखवा," ती म्हणाली. काका चष्मा पुसून पुढे झाले.

इथे मला माझं जुनं प्रशिक्षण आठवलं. जवानाला समोरची जमीन कशी बघायची हे शिकवावं लागतं. नुसतं 'बघ' म्हटलं की तो झाड, टेकडी, देऊळ असं ठळक तेवढंच बघतो. म्हणून जमिनीचे तीन पट्टे करायचे, जवळचा, मधला आणि दूरचा. एकेक पट्टा नजरेनं विंचरायचा, आणि तोही उजवीकडून डावीकडे. कारण वाचायची सवय डावीकडून उजवीकडे असते आणि त्या दिशेनं डोळा घसरत जातो. उलटं गेलं की अडखळतो, आणि अडखळला की दिसतं. मग रिपोर्ट द्यायचा. त्यात काय दिसलं हे आधी, त्यावरून काय वाटतं हे नंतर. दोन्ही एकत्र केलं तर माणसं मरतात.

मी सगळ्यांना म्हटलं, चित्र असंच बघू या. उजवीकडून डावीकडे. काय दिसतं तेवढंच बोलायचं. सात जणांनी मिळून त्या 'नातीच्या' चित्रात चौदा गोष्टी काढल्या. काळ्या आकाराच्या खाली निळा रंग आधी लावलेला होता आणि कडेनं तो डोकावत होता, हे माझ्या पत्नीनं दाखवलं. खरवडलेली जागा ब्रशची नसून कुठल्यातरी पातीची आहे, हे फोरमन भाऊंनी दाखवलं. गाइड त्या वेळात चार वाक्यंही बोलली नसेल. बारा-पंधरा मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. एरवी तेवढ्यात एक मजला उरकला असता.

त्या चित्राचा अर्थ लागला का? नाही. पण काकांनी पुन्हा नातीचं नाव काढलं नाही.

आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर तिनं जाता जाता एक हिशेब मांडला, तो मला तुम्हालाही द्यायचा आहे. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचे, आणि चित्रकला शिकले ते नागपूरला. १९४७ मध्ये मुंबईत जो प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला त्यातले गाडे अमरावती जिल्ह्यातले. आपण समजतो की आधुनिक चित्रकला पॅरिसहून बोटीनं आली. त्यातली निदान तीन माणसं आमच्या नागपूर लाइनीवरची आणि तिच्या आसपासची होती. भिलाईहून नागपूर चार-पाच तासांवर. आपल्याच गावाकडची माणसं म्हटल्यावर काकूंनी रझांचं स्पेलिंग मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

दुसरी वस्तू जनगढ सिंह श्याम यांचं चित्र.

इथे थोडं मागे जायला हवं. भारत भवनातल्या कला संग्रहालयाचं नाव रूपंकर. त्याचे पहिले संचालक चित्रकार जगदीश स्वामीनाथन. त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. कला शिकणाऱ्या मुलांच्या तुकड्या मध्यप्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवल्या आणि सांगितलं, जे कुणी काही घडवतंय, रंगवतंय, ते बघून या. मग रूपंकरमध्ये शहरी चित्रकारांचं काम आणि आदिवासी कलावंतांचं काम, दोन्हींना सारख्याच मानाची जागा दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. बस्तरचा माणूस आज घडवतोय, मुंबईचा माणूसही आज रंगवतोय, तर दोघंही आजचेच, म्हणजे समकालीन. एकाला कला संग्रहालयात आणि दुसऱ्याला हस्तकलेच्या दुकानात का ठेवायचं?

महाराष्ट्रात असंच काम भास्कर कुलकर्णींनी केलं. ते वारली पाड्यांवर गेले आणि डहाणूजवळचे जिव्या सोमा म्हसे जगासमोर आले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणीतरी पायी चालत जाऊन बघावं लागतं.

तर अशाच एका तुकडीला पाटनगढ गावात, एका घराच्या भिंतीवर, जनगढचं काम दिसलं. तेव्हा तो जेमतेम विशीतला होता. जात परधान. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे. बाना नावाचं वाद्य वाजवत ते यजमानांच्या घरी देवांच्या आणि पूर्वजांच्या कथा गायचे. जनगढनं ते गाणं रंगात आणलं. ठिपके, बारीक रेघा, शिंगांतून झाड फुटलेली हरणं. भोपाळला आला, भारत भवनात काम करू लागला, कोरियांनीच बांधलेल्या विधान भवनाच्या भिंती त्यानं रंगवल्या. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याचं काम लागलं. त्याच्या मागोमाग गावातले नातेवाईक आले आणि त्याच्या हाताखाली शिकले. त्यांतला भज्जू श्याम भोपाळमध्ये रात्रीचा चौकीदार होता. त्याला २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे सगळं सांगून गाइड थांबली आणि म्हणाली, "२००१ मध्ये जनगढ जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेले होते. तिथेच त्यांनी जीव दिला. चाळिशीचे होते."

आम्ही कुणी काही बोललो नाही. तिनंही भर घातली नाही. चांगल्या गाइडला हे कळतं की कुठल्या वाक्यानंतर पुढचं वाक्य लगेच येऊ नये.

पण माझ्या डोक्यात ते राहिलं. फौजेत आम्ही जवानाला दूरच्या चौकीवर पाठवतो तेव्हा सोबत एक बडी देतो. बडी म्हणजे जोडीदार. त्यानं जेवलं का, झोपला का, घरची चिठ्ठी आली का, आल्यावर चेहरा कसा झाला, हे सगळं बघायचं. हा नियम हळवेपणातून आलेला नाही, माणसं गमावून आलेला आहे. आपण कलावंतांना गावातून उचलतो, शहरात आणतो, विमानात बसवतो, टाळ्या वाजवतो. त्यांच्या बडीचा विचार कोण करतं? तुमच्या गावातला एखादा भजनी, एखादा मूर्तिकार दिल्लीला, दुबईला निघाला असेल तर कार्यक्रमाचा खर्च विचारा, आणि सोबत कोण जातंय हेही विचारा.

तिसरी वस्तू भूरीबाईंचं चित्र. या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोल गावच्या भिल्ल बाई. मजुरीसाठी भोपाळला आल्या आणि याच भारत भवनाच्या बांधकामावर माल वाहत होत्या. स्वामीनाथननी विचारलं, घरी भिंतीवर काढता तसं कागदावर काढाल का? आज त्यांचं चित्र त्याच इमारतीत आहे, जिच्यासाठी त्यांनी डोक्यावरून ओझी वाहिली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्यासारख्या कारखान्याच्या गावातल्या लोकांना ही गोष्ट वेगळी लागते. भिलाई बांधताना किती बायांनी घमेली वाहिली असतील? त्यांतल्या कुणाला कुणी काही विचारलं असेल?

चौथी वस्तू बस्तरची. पितळेतली एक छोटी घोडेस्वार मूर्ती. अंगावर दोऱ्यासारख्या बारीक रेघा. गाइडनं सुरुवात केली, "हे घडवा लोकांचं काम आहे." आपल्याला हा शब्द समजावून सांगायला नकोच, घडवा म्हणजे घडवणारे. ती पुढे बोलणार तेवढ्यात तिचं लक्ष फोरमन भाऊंकडे गेलं. ते गुडघ्यांवर हात टेकून मूर्तीच्या बुडाकडे बघत होते.

ती म्हणाली, "अंकल, तुम्हाला काहीतरी दिसलंय."

भाऊ म्हणाले, "इथून धातू ओतलाय. हे बघा, नंतर कापून कानसलंय."

"मग पुढचं तुम्हीच सांगा," म्हणून ती बाजूला झाली.

आणि हा माणूस, जो गाडीत रात्रभरात दहा वाक्यं बोलला नव्हता, तो बोलायला लागला. आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मधमाश्यांच्या मेणाचे दोरे वळून गुंडाळतात, या रेघा म्हणजे ते दोरे. वर बारीक मातीचा लेप, त्यावर जाड मातीचा. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि मेणाची जागा रिकामी राहते. त्या जागेत पितळ ओततात. निवल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यात एकच मूर्ती. दुसरी अगदी तशीच होत नाही. "आमच्याकडे वाळूचा साचा, लाकडाचा पॅटर्न, एकासारखे शंभर नग. पण अडचणी त्याच. धातू निवताना आकसतो. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ झाली की तडा. हवेला वाट ठेवली नाही की फुगा. यानं घोड्याच्या पायाची जाडी कशी सांभाळली बघा. मोजायला काय होतं त्याच्याकडे? बोटं."

गाइडनं फक्त एक भर घातली. मोहेंजोदडोची ती नाचणारी मुलगी, साडेचार हजार वर्षांपूर्वीची, तीही याच मेणाच्या रीतीनं ओतलेली आहे. भाऊ म्हणाले, "म्हणजे आमचं खातं फार जुनं आहे."

दालनातली दुसरी दोन अनोळखी कुटुंबंही येऊन उभी राहिली होती. एका मुलानं विचारलं, "दादाजी, फुगा म्हणजे काय?" आणि भाऊंनी त्याला हातांनी करून दाखवलं.

परतीच्या गाडीत भाऊ मला एवढंच म्हणाले, "कर्नलसाहेब, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या कामाचं विचारलं."

मंडळी, माझ्या मते गाइडची खरी कसोटी तीच होती. तिला धातूकामाची माहिती होती, ती पाठ होती. पण समोर जास्त जाणणारा माणूस आहे हे तिनं ओळखलं आणि आपली जागा त्याला दिली. असे पैसे मी पुन्हा पुन्हा देईन.

पाचवी वस्तू मातीची. सरगुजाचं भिंतीवरचं काम, म्हणजे आता आमच्या छत्तीसगढचं. पांढऱ्या मातीच्या जाळ्या, त्यांत बसलेले पक्षी, माकडं, माणसं. हे काम म्हटलं की सोनाबाई रजवार यांचं नाव येतं. पुहपुत्रा गावच्या सोनाबाईंना लग्नानंतर कित्येक वर्षं घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्या चार भिंतींत त्यांनी लहान मुलासाठी मातीची खेळणी केली. मग उन्हाची तिरीप अडवायला बांबूच्या जाळ्या करून त्यांवर माती लिंपली, जाळीत पक्षी बसवले आणि सगळं घर भरून टाकलं. शिकवणारं कुणी नव्हतं, बघणारंही नव्हतं. १९८३ मध्ये भारत भवनाची माणसं तिथे पोचली. पुढे राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, मध्यप्रदेशचा तुलसी सन्मान मिळाला, परदेशात प्रदर्शनं झाली. २००७ मध्ये त्या गेल्या.

आमच्यातल्या थोरल्या काकू त्या जाळीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य घर, सासू-सासरे आणि तीन मुलं यांतच गेलं. गाइडनं हळूच विचारलं, "आंटी, आपको क्या दिखा?" काकू मराठीतच म्हणाल्या, "माकड बाहेर बघतंय. बाकी सगळे आत बघताहेत." आम्ही वाकून पाहिलं. खरंच तसं होतं. काकूंनी पुढे काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

दोन तास संपले. मग आम्ही पाट्या वाचल्या.

आता किमतीबद्दल बोलतो, कारण लोक तेच विचारतात. एका दुसऱ्या शहरात, एका दुसऱ्या संग्रहालयात मला एक गाइड भेटला होता. त्यानं चाळीस मिनिटांत नऊ दालनं फिरवली आणि प्रत्येक चित्रापुढे कोटीचा आकडा सांगितला. आकडे ऐकून आपण चित्राकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे १९५४ चं चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. पण त्याआधी कित्येक दशकं ते नॉर्वेत, ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे होतं. चित्र तेच होतं, रंगही तेच. तेव्हाही त्यात गावच्या बाया, बैलगाडी आणि शेतकरी होते. आकडा नंतर आला.

तर तुम्ही असे निघालात तर काय करावं, ते मी मुद्द्यांत सांगतो. फौजी माणूस आहे, ब्रीफिंगशिवाय चैन पडत नाही.

एक. गाइडला आधी विचारा, किती वस्तू दाखवणार? आकडा जितका मोठा सांगेल तितकी शंका घ्या. दोन तासांना पाच-सहा पुष्कळ.

दोन. आपण कोण आहोत ते त्याला आधीच सांगा. शिक्षक, शेतकरी, परिचारिका, वेल्डर, जे असाल ते. चांगला गाइड त्यावरून वस्तू निवडतो. आमची यादी तिनं 'भिलाई' हा शब्द ऐकून बदलली होती, हे तिनं नंतर सांगितलं.

तीन. सात-आठ जणांपेक्षा जास्त जाऊ नका. त्याहून जास्त झालं की मागचा माणूस फक्त पुढच्याची पाठ बघतो.

चार. पहिली पाच मिनिटं गप्प बघा. उजवीकडून डावीकडे. आधी दिसलं ते बोला, वाटलं ते नंतर.

पाच. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न शेवटी ठेवा. त्याआधी 'हे कसं केलं असेल' हे विचारा. कसं केलं याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं, आणि त्यातून निम्मं चित्र उलगडतं.

सहा. सोमवार टाळा. बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

आणि सगळ्यांनी भोपाळलाच जावं असंही नाही. मुंबईत काळा घोड्याजवळ जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ पासून आहे. दिल्लीत जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून आहे. बंगळुरूला २०२३ मध्ये मॅप नावाचं नवं संग्रहालय उघडलं. इंदूर, बडोदा, हैदराबाद, जिथे असाल तिथून एखादं रात्रीच्या गाडीच्या अंतरावर सापडेल.

भिलाईकरांना मात्र माझं वेगळं सांगणं आहे. आपल्या सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे. पद्मश्री मूर्तिकार जे. एम. नेल्सन याच गावचे. पंडवानीच्या तीजनबाई, २०१९ च्या पद्मविभूषण, आपल्याच कारखान्यात नोकरीला होत्या. आणि खैरागढ शेजारीच आहे. म्हणजे बघायला वस्तू आहेत, शिकलेली मुलं आहेत आणि आपल्याकडे वेळ आहे. कमी आहे ती थांबवणाऱ्या माणसाची.

आम्ही सात जणांनी परत आल्यावर एक ठरवलं. महिन्यातून एका रविवारी एका ठिकाणी जमायचं. एक शिल्प, एक चित्र किंवा चौकातला एखादा जुना यंत्राचा भाग. वीस मिनिटं बघायचं. बोलायला खैरागढचा एखादा विद्यार्थी, आणि त्याच्या शेजारी कारखान्यातला एक निवृत्त माणूस. विद्यार्थ्याचं मानधन आम्ही वर्गणीतून देतो, कारण कुणाची विद्या फुकट मागायची नाही. निवृत्त माणसाला चहा.

पहिल्या रविवारी अकरा जण आले, दुसऱ्या रविवारी नऊ. पावसाळ्यात आकडा अजून खाली येईल. चालतंय. पहिल्या पिढीतली माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. लोखंड वितळताना कुठला रंग आला की भट्टी फोडायची, हे डोळ्यांनी ओळखणारे लोक अजून आपल्या सेक्टरांमध्ये संध्याकाळी बाकांवर बसलेले आहेत. ते गेले की तो रंग कुठल्याही पाटीवर वाचायला मिळणार नाही. भोपाळमधल्या त्या मुलीनं एका वाक्यात एका माणसाला बोलतं केलं. तुम्हालाही तेवढंच करायचंय. एखाद्या वस्तूसमोर त्यांना घेऊन जा आणि विचारा, "काका, तुम्हाला यात काय दिसतं?"

मग गप्प बसा.

जय हिंद.